परांचीवरच्या माणसाचा विमा

२६ ऑगस्ट २०२४ ला मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवरायांचा ३५ फुटी पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ ला, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं. नऊ महिनेही पुरे झाले नाहीत. वाऱ्याचा वेग ताशी ४५ किलोमीटर होता, असं सरकारातले लोक सांगू लागले. ज्या किनाऱ्याने २००९ चं फयान आणि २०२१ चं तौक्ते पाहिलं, त्या किनाऱ्यावरच्या माणसाला हे कारण! समोर पाण्यात १६६४ साली पाया घातलेला सिंधुदुर्ग उभा होता आणि इकडे नऊ महिन्यांचं काम जमिनीवर पडलं होतं. मग गुन्हा दाखल झाला, शिल्पकार-कंत्राटदाराला आणि बांधकाम सल्लागाराला अटक झाली, पंतप्रधानांनी माफी मागितली.

त्या आठवड्यात महाराष्ट्राने एक चांगला प्रश्न विचारला. बांधलेलं पडलं तर जबाबदार कोण, भरून कोण देणार? राजकारण्यांनी त्याचं जे केलं ते केलं, पण प्रश्न चांगला होता. आमचं म्हणणं एवढंच की हा प्रश्न पुतळ्यापाशी थांबला. त्याच मालवण तालुक्यात, त्याच पावसाळ्यात, होमस्टेच्या दुसऱ्या मजल्याच्या परांचीवर जो बिगारी उभा होता, तो पडला तर कोण भरून देणार, हे कोणी विचारलं नाही. या प्रश्नाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यात आपल्या माणसांनी केलेलं काम फार मोठं आहे. आपल्या कार्यकर्त्यांनाही ते पुरेसं माहीत नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात वतनापासून करावी लागते. गावकीची कामं महाराच्या वाट्याला जन्माने यायची. चावडीची डागडुजी असो, सरकारी माणसाचं ओझं असो, बोलावलं की जायचं. मोबदल्यात वतनाचा तुकडा आणि बलुतं. त्या व्यवहारात हात मोडला, पाठ मोडली, तर त्याचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता. काम गावाचं आणि जोखीम महाराची. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं, तेव्हा ते या बिनहिशेबी व्यवहारावरच बोट ठेवत होते. आज विमा, दायित्व, भरपाई हे शब्द कोणाला कारकुनी वाटतात. आम्हाला वाटत नाहीत. जोखीम कोणाच्या डोक्यावर टाकायची हे ठरवणं म्हणजेच जात.

दुसरं नाव जोतीरावांचं. महात्मा फुले कंत्राटदार होते, हे आपल्याकडे भाषणात एका वाक्यात उरकतात. खडकवासल्याच्या धरणाच्या, येरवड्याच्या पुलाच्या, कात्रजच्या बोगद्याच्या कामांशी त्यांचा व्यवसाय जोडलेला होता. दगड, चुना, मजूर यांचा हिशेब त्यांनी स्वतः पाहिला होता. म्हणूनच इंजिनिअर खात्यातले कारकून मजुरांच्या हजेरीत आणि मजुरीत कसा हात मारतात हे ते इतक्या नेमकेपणाने लिहू शकले. हजेरीची वही हे लुटीचं पहिलं हत्यार आहे, हे त्यांना कळलं होतं. या वहीकडे आपल्याला पुन्हा यायचं आहे.

१९२३ साली इंग्रज सरकारने कामगार नुकसानभरपाई कायदा केला. १ जुलै १९२४ पासून तो लागू झाला. कामावर, कामामुळे अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची. चूक मालकाची होती हे मजुराने सिद्ध करायची गरज नाही. कलम १२ तर आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावं असं आहे: ठेकेदाराकरवी काम करून घेणाऱ्या मूळ मालकाकडूनही मजूर भरपाई मागू शकतो, मालकाने नंतर ती ठेकेदाराकडून वसूल करावी. पण कायद्याच्या व्याख्येत एक भोक ठेवलं होतं. ज्याचं काम नैमित्तिक आहे आणि जो मालकाच्या धंद्यासाठी लावलेला नाही, तो 'कामगार' नाही! म्हणजे एखाद्याने स्वतःचं घर बांधायला चार दिवस गवंडी लावला आणि तो भिंतीवरून पडला, तर तो कायद्याच्या बाहेर. हे शब्द काढून टाकायला २००० साल उजाडलं. सत्त्याहत्तर वर्षं! कोकणात चिरेबंदी घरं बांधणाऱ्या किती हातांना या दोन शब्दांनी रिकामं परत पाठवलं असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

आता बाबासाहेबांकडे. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले. हे खातं म्हणजे फक्त गिरण्या आणि खाणी नव्हे. केंद्राचं सार्वजनिक बांधकाम खातंही याच मजूर खात्याखाली होतं, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या बांधकाम मालकांपैकी एकाची सूत्रं त्यांच्या हाती होती. २९ ऑक्टोबर १९४२ ला त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचं जे निवेदन दिलं, त्यात नोकऱ्या आणि परदेशी शिक्षणासोबत सरकारी बांधकामांच्या कंत्राटांचाही प्रश्न होता. नोकरीतल्या राखीव जागा आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. कंत्राटाचा मुद्दा मात्र आपण विसरलो. कर्नाटकाने २०१७ साली ५० लाखांपर्यंतच्या सरकारी कामांत अनुसूचित जाती-जमातींच्या कंत्राटदारांना आरक्षण दिलं आणि पुढे ती मर्यादा वाढवली. महाराष्ट्रात मजूर सहकारी संस्था आणि सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांसाठी कामांचा वाटा ठेवलेला आहे, जातीच्या नावाने नाही.

विम्यावर तर त्यांचं म्हणणं याहून स्पष्ट आहे. मजूर सदस्य असतानाच प्राध्यापक आडारकरांकडून औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार झाली. १९४४ साली तो अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा राज्य विमा कायदा निघाला. मात्र तो सुरू झाला कारखान्यांपासून. बांधकामाच्या साइटवरच्या मजुराला त्याचं दार उघडायला ऑगस्ट २०१५ उजाडला. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी थेट मागणी केली की विमा ही राज्याची मक्तेदारी असावी आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाने आपल्या वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घ्यावा, अशी सक्ती राज्याने करावी. ही मागणी शेती आणि मूळ उद्योगांच्या राष्ट्रीयीकरणाच्या शेजारी आहे, परिशिष्टात ढकललेली नाही. जोखीम एकट्याच्या छाताडावर ठेवायची नाही, ती सगळ्या समाजाने वाटून घ्यायची. १९५६ ला आयुर्विमा सरकारी झाला, १९७३ पासून सर्वसाधारण विमा. १९९९ नंतर दार पुन्हा खासगी कंपन्यांना उघडलं. तो वेगळ्या लेखाचा विषय.

गंमत अशी की सरकारी बांधकामाच्या बाबतीत महाराष्ट्राने या विचाराचा एक तुकडा अजून जपला आहे. सार्वजनिक बांधकाम खात्याच्या निविदेत अट असते की कंत्राटदाराने विमा राज्याच्या विमा संचालनालयाकडूनच घ्यावा. दुसऱ्या कंपनीची पॉलिसी आणली तर ती चालत नाही, शासकीय विमा निधीच्या हिशेबाने हप्ता बिलातून कापला जातो. आपली काही मुलं याला जाच म्हणतात. हप्ता कापला जातो तेव्हा तो जाचच वाटतो, हे खरं आहे, त्यावर जीएसटी वेगळा. पण बांधकामाची 'ऑल रिस्क' पॉलिसी वाचली पाहिजे. तिची रक्कम कामाच्या पूर्ण किमतीइतकी हवी, कमी दाखवली तर दावाही त्याच प्रमाणात कापतात. वादळ, पूर, चोरी यांचं नुकसान ती देते, प्रत्येक दाव्यातला ठरलेला पहिला भाग कंत्राटदाराने सोसायचा. सदोष आराखड्याचं नुकसान मात्र ती सहसा देत नाही, आणि काम ताब्यात दिलं की तिचं मुख्य संरक्षण संपतं. पुढे उरतो तो दोष दायित्वाचा काळ, अनामत रक्कम, आणि कंत्राटदाराची स्वतःची मालमत्ता. राजकोटच्या वेळी 'विमा असेलच ना' असं जे सहज बोललं गेलं, त्याला हे उत्तर आहे. वाऱ्याचा विमा मिळतो. चुकीच्या आराखड्याचा विमा असा आपोआप मिळत नाही.

आणि ही पॉलिसी मुळात भिंतीची आहे. माणसाची पॉलिसी वेगळी. तिचा हप्ता जाहीर केलेल्या मजुरीवर बसतो, आणि दर कामाच्या धोक्यावर. इथेच फुल्यांची हजेरीची वही परत येते. वीस माणसं कामाला, वहीत आठ. हप्ता वाचला, उपकर वाचला, आणि उरलेली बारा माणसं कागदावर जन्मलीच नाहीत. दुसरी खोच उपठेकेदाराची. मूळ ठेकेदाराच्या पॉलिसीत उपठेकेदाराची माणसं आपोआप येत नाहीत, ती वेगळी मागून लिहून घ्यावी लागतात.

सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला. तारकर्ली, देवबाग, चिवला वेळ, सगळीकडे खोल्यांवर खोल्या चढल्या. चिरेखाणीवर आणि सेंटरिंगला कर्नाटकातून, झारखंडातून माणसं आली, आणि आपल्या वाड्यांतली मुलं मुकादम झाली, मग छोटे ठेकेदार झाली. चांगलं झालं. जोतीरावांचा धंदा आहे तो. पण आकडा समजून घ्या. २०२० च्या जानेवारीपासून भरपाईसाठी महिन्याची मजुरी १५,००० रुपयांपर्यंत धरली जाऊ लागली. तीस वर्षांच्या मजुराचा मृत्यू झाला तर त्याचे निम्मे, ७,५००, गुणिले वयाचा गुणक २०७.९८. होतात १५,५९,८५० रुपये. पंचवीस वर्षांचा मुलगा कायमचा पूर्ण अपंग झाला तर १९,५२,१९० रुपये. वेळेत दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर निम्म्यापर्यंत दंड. तीस लाखांचं घर बांधणाऱ्या आपल्या ठेकेदाराला त्यात सुटतं किती? एक अपघात आणि बैलगाडीसकट शेत गेलं. मूळ कंत्राटदार वरच्या वर सुटतो, आणि भरपाईच्या दाव्यात समोरासमोर उभे राहतात ते दोघेही आपलेच: पडलेला आणि त्याला कामावर घेणारा.

१९९६ साली बांधकाम कामगारांसाठी दोन कायदे झाले. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकर घ्यायचा आणि त्यातून कल्याण मंडळ चालवायचं. महाराष्ट्राचे नियम यायला २००७ उजाडलं. कामावर मृत्यू झाला तर नोंदणी असलेल्या कामगाराच्या वारसाला मंडळाकडून पाच लाख मिळतात. नोंदणीला ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, तो ठेकेदाराने द्यायचा, आणि दाखला दिला की वहीतला आठाचा आकडा खोटा ठरतो. म्हणून दाखला मिळत नाही. देशभर या पैशाचं काय होतं हे पाहताना सर्वोच्च न्यायालयाला २०१७ साली कळलं की मजुरांच्या नावाने लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतले गेलेत. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता आल्या आणि १९२३ चा कायदाही सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. कामावर येता-जाताना झालेला अपघात त्यात धरला जातो, हे चांगलं. पण स्वतःसाठी बांधलेल्या घराची सूट १० लाखांवरून ५० लाखांवर नेली. कोकणातल्या गावात ५० लाखांच्या वरचं घर किती जण बांधतात? म्हणजे कोकणातल्या बहुतेक घरांवरून उपकर गेला, आणि गवंडी पुन्हा त्या १९२३ च्या नैमित्तिक माणसाच्या शेजारी जाऊन बसला.

आमची मागणी यातूनच निघते. सरकारी कामात भिंतीचा हप्ता बिलातून कापता येतो, तर प्रत्येक कामात मजुरांचा हप्ताही मूळ मालकाकडूनच, कामाच्या किमतीवर कापा. हजेरीच्या वहीवर नको. आम्ही पाहिलेल्या बांधकाम परवानगीच्या फायलींत उपकराची पावती असते, मजुरांच्या पॉलिसीचा कागद कधी दिसला नाही. तो कागद मागा. आणि तो सरकारी विमा निधीकडून का मिळू नये? १९४७ सालीच हे लिहून ठेवलं आहे.

गेल्या वर्षी आम्ही एका कुटुंबाबरोबर फिरलो. मालवणपासून आत एका गावात लॉजचं काम होतं. दुसऱ्या मजल्याच्या सेंटरिंगवरून मुलगा पडला, कमरेखाली गेला. त्याला कामावर नेणारा उपठेकेदार आपल्याच वाडीतला, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या पुढे ढोल वाजवणारा. वर एक मोठा ठेकेदार. त्याच्याकडे पॉलिसी होती, आठ माणसांची. साइटवर एकोणीस होती. दवाखान्यातच स्टँपपेपर आला: साठ हजार घ्या, तक्रार नाही असं लिहून द्या. मुलाची आई सही करायला निघाली होती, घरात खरोखरच पैसा नव्हता. भरपाईचा हक्क असा लिहून देता येत नाही, तसा करार कायद्याने रद्द असतो, हे आम्ही तिला सांगितलं, आणि गावातून वर्गणी काढून औषधाचे पैसे उभे केले. उपठेकेदार पोरगा पहिले दोन आठवडे आमचा फोनच उचलत नव्हता. त्याला वाटलं, आम्ही त्याच्यावरच जाणार. मग त्याच्या घरी जाऊन बसलो, कलम १२ समजावलं, की खरी मागणी वरच्यावर आहे. तेव्हा त्याने माळ्यावरून स्वतःची वही काढून दिली. शाळेची दोनशे पानी वही, रोजची नावं, रोजची मजुरी, पेन्सिलीने.

दावा दाखल झाला आहे. मोठ्या ठेकेदाराचा वकील म्हणतो की हा मुलगा त्यांच्या कामावर कधी नव्हताच. त्या वहीची सगळी पानं आम्ही जोडली आहेत.