शेड कुणी उभी केली?

आज जरा लांब जाऊ या, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात. तिथल्या बर्कशायरच्या डोंगराळ भागात टँगलवुड नावाची जागा आहे. उन्हाळ्यात तिथे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचा महोत्सव भरतो आणि त्याच आवारात तरुण संगीतकारांची शाळा चालते. जगभर तिचं नाव आहे. पण सुरुवात कुणी केली, ते फार जणांना ठाऊक नसतं.

तिचं नाव गर्ट्रूड रॉबिन्सन स्मिथ. साल १९३४. मंदीचे दिवस होते, हाताला काम नव्हतं. अशा काळात या बाईने शेजारपाजारच्या लोकांना जमवलं, समिती केली आणि उघड्या मैदानावर वाद्यवृंदाचे तीन कार्यक्रम घडवून आणले. घोड्यांच्या प्रदर्शनासाठी केलेलं ते मैदान. लोक आले, ऐकून गेले, पुन्हा आले. १९३६ पासून बॉस्टनचा नामवंत वाद्यवृंद आणि त्याचे रशियात जन्मलेले संचालक सर्गेई कुसेवित्स्की येऊ लागले. मग मेरी टॅपन आणि श्रीमती गोरहॅम ब्रुक्स या दोघींनी टँगलवुडची आपली २१० एकर जागाच देऊन टाकली. यातल्या दुसरीचा उल्लेख बऱ्याचदा नवऱ्याच्या नावानेच होतो, हेही लक्षात घ्या.

१९३७ च्या ऑगस्टमध्ये कार्यक्रम तंबूत होता. वादळ आलं. पावसाचा मारा इतका, की वादन थांबवावं लागलं, एक रचना तर वगळावीच लागली. वाद्यं भिजली, श्रोते भिजले. त्याच रात्री, मध्यंतरात, गर्ट्रूडबाई मंचावर उभ्या राहिल्या. पक्कं छप्पर हवं, त्यासाठी पैसे द्या, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. लोकांनी दिलेही.

एलिएल सारिनेन या मोठ्या वास्तुरचनाकाराने आराखडा केला, पण तो महाग पडत होता. एक लाख डॉलरमध्ये बसवायचं, तर नुसती शेड होईल आणि ती कुणीही बांधेल, असं त्याने कळवलं. बाईंच्या समितीने तेच मनावर घेतलं. जोसेफ फ्रान्झ या तिथल्याच इंजिनिअरने आराखडा सोपा केला आणि १९३८ च्या ऑगस्टमध्ये सुमारे पाच हजार माणसं बसतील अशी शेड उभी राहिली. आजही तिला 'शेड'च म्हणतात.

छप्पर झालं, आता शाळा. कुसेवित्स्कींनी ती १९४० मध्ये सुरू केली. आपल्या भजनी मंडळात कसं असतं? एकटीचा गळा चांगला असून भागत नाही, शेजारणीचा सूर ऐकावा लागतो. वाद्यवृंदाचंही तसंच. तरुणांनी अनुभवी वादकांसोबत राहून, त्यांच्या शेजारी बसून शिकावं, हा या शाळेचा हेतू.

दोनच वर्षांत परीक्षा आली. महायुद्धामुळे पेट्रोलचं रेशनिंग झालं आणि १९४२ चा महोत्सव विश्वस्तांनी रद्द केला. कुसेवित्स्कींची पत्नी नाताली त्याच वर्षी वारली होती. तिच्या स्मरणार्थ त्यांनी निधी स्थापला आणि त्यातून शाळा व महोत्सव दोन्ही चालवले. वाजवायला होते विद्यार्थी! वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राड शहरासाठी शोस्ताकोविचने लिहिलेली सातवी सिंफनी अमेरिकेत श्रोत्यांसमोरच्या मैफलीत पहिल्यांदा वाजवली ती या मुलांनी.

या शाळेतून लिओनार्ड बर्नस्टाइनसारखे संगीतकार घडले. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता १९५८ साली इथे शिकायला होते. निवड झालेल्या विद्यार्थ्यांकडून आज शिकवणीची फी घेतली जात नाही.

आता शेवटची गोष्ट. १९८८ मध्ये, पन्नास वर्षं झाली तेव्हा, त्या शेडला नाव दिलं गेलं. सर्गेई कुसेवित्स्कींचं. त्यांचं काम मोठं होतं, यात शंका नाही. पण भर पावसात उभं राहून पैसा मागितला होता तो गर्ट्रूडबाईंनी.

पुढच्या बैठकीत जरा विषय काढा. आपल्या गावातलं सभागृह, वाचनालय, अंगणवाडीची खोली. दारोदार फिरून वर्गणी कुणी जमवली होती? आणि पाटीवर नाव कुणाचं आहे? जुन्या बायकांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा.