कासालची माळ

रोग शरीरात दिसतो. परंतु त्याचे मूळ पुष्कळदा शरीराबाहेर, ताटात, शेतात आणि मजुराच्या रोजंदारीत दडलेले असते. पेलाग्रा या त्वचारोगाचा इतिहास वाचताना ही गोष्ट आम्हांस प्रकर्षाने जाणवली. तो इतिहास आपल्या भाकरीपर्यंत येऊन पोहोचतो, म्हणून तो येथे थोडक्यात सांगावयाचा आहे.

स्पेनच्या उत्तरेस अस्तुरियास नावाचा प्रांत आहे. तेथे गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली गरीब शेतकऱ्यांत एक चमत्कारिक रोग पाहिला. हातापायांची, उन्हात उघडी राहणारी कातडी प्रथम लाल होई, मग काळवंडून खरखरीत बने. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखा पट्टा उमटे. पुढे अतिसार, बुद्धिभ्रंश आणि अखेर मृत्यू. हे रोगी मुख्यतः मक्यावर जगतात आणि मांस त्यांना क्वचितच मिळते, हे कासालने नोंदविले. त्याचा ग्रंथ मृत्यूनंतर, १७६२ साली, प्रसिद्ध झाला आणि गळ्यावरचा तो पट्टा वैद्यकात ‘कासालची माळ’ म्हणून राहिला. १७७१ साली इटलीतील फ्रापोली याने तेथील लोकांच्या बोलीतून ‘पेलाग्रा’, म्हणजे खरखरीत कातडी, हे नाव ग्रंथात आणले.

मका मूळचा अमेरिकेतला. मेक्सिकोतील लोक तो चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटीत आणि त्यामुळे त्यातील बद्ध जीवनसत्त्व मोकळे होई. युरोपने दाणा उचलला, परंतु तो रांधण्याची रीत मागेच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हा रोग हजारोंनी पसरला. जंतूंमुळे तो होतो, असे बहुतेकांचे मत होते. १९१४ साली सरकारी आरोग्यखात्यातील डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांना चौकशीसाठी पाठविण्यात आले. अनाथालयांत व वेड्यांच्या इस्पितळांत राहणाऱ्यांना हा रोग होतो, त्यांच्यात सतत वावरणाऱ्या परिचारकांना मात्र होत नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. रोग सांसर्गिक असता, तर त्याने हा भेद पाळला नसता. भेद होता तो जेवणात. दूध, अंडी, मांस व कडधान्ये देताच अनाथालयांतील रोग हटला; पुढे एके ठिकाणी जुना आहार परत आला, तेव्हा रोगही परत आला. १९१५ साली मिसिसिपीतील तुरुंगाच्या शेतावर, माफीच्या आश्वासनावर स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना निकस आहार देण्यात आला आणि त्यांतील सहा जणांत पेलाग्राची लक्षणे दिसली. तरीही शंका फिटेनात, तेव्हा १९१६ साली गोल्डबर्गर, त्यांची पत्नी व सहकारी यांनी रोग्यांचे रक्त व खपल्या स्वतःच्या शरीरात घेतल्या. कोणीही आजारी पडले नाही.

त्याच वर्षी एडगर सिडेनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञासह त्यांनी दक्षिण कॅरोलिनातील कापड गिरण्यांच्या गावांत घरोघर हिशेब घेतले. कुटुंबाची मिळकत जितकी कमी, तितका पेलाग्रा अधिक, असे त्यांतून निघाले. गोल्डबर्गर १९२९ साली वारले. निकोटिनिक आम्लाचा गुण एल्वेजेम यांनी १९३७ साली दाखविला. दुधात हे आम्ल थोडेच असूनही ते गुणकारी का ठरले, याचाही पुढे उलगडा झाला. दुधाच्या प्रथिनातील ट्रिप्टोफॅनपासून आपले शरीर ते स्वतःच घडविते. मक्याच्या प्रथिनात नेमके तेच तोकडे असते.

आता आपल्याकडे वळू. पोषणसंशोधनाची मोठी सरकारी प्रयोगशाळा १९५८ साली कुन्नूरहून हैदराबादेस आली. तेथे डॉ. सी. गोपालन व डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना मका न खाणाऱ्या गरिबांतही पेलाग्रा आढळला. ही माणसे ज्वारीवर जगत होती. ज्वारीतील ल्युसीन या अमायनो आम्लाच्या आधिक्याने शरीराची निकोटिनिक आम्लाची व्यवस्था बिघडत असावी, असा विचार त्यांनी १९६० साली मांडला. त्यावर पुढे मतभेद झाले; परंतु केवळ ज्वारीवर जगणाऱ्यास हा धोका आहे, ही गोष्ट राहिली.

सोलापूर-मराठवाड्याच्या भाकरीवर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे वाचून प्रथम थोडा राग येतो. परगावी बदली होऊन गेलेला माणूस त्याच भाकरीची आठवण काढीत असतो! परंतु आपण आठवतो ती भाकरी एकटी नसते. तिच्याबरोबर पिठले असते, वरण असते, ताकाची वाटी असते. रोग होतो तो मिरचीच्या गोळ्याबरोबर, दोन्ही वेळा, महिनोन्‌महिने कोरडी भाकरी खाणाऱ्यास. दोष ज्वारीचा नव्हे, तिच्या एकटेपणाचा आहे.

आपणांपैकी अनेकांच्या हातांखालून शिधावाटपाचे, वसतिगृहांचे, तुरुंगांचे कागद जातात. डाळीचे प्रमाण कमी करणारी एक ओळ त्यांत सहज लिहिली जाते आणि हिशेब जुळतो. तिचा परिणाम काही महिन्यांनी कुणाच्या तरी मानेवर उमटू शकतो, एवढे ध्यानात ठेवून सही करावी, असे आम्हांस वाटते.