घरातील बिनतारी निरोप

विकत घेतलेले यंत्र खरोखर आपले होते काय, हा प्रश्न आम्हांस या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो.

१९७५ साली स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने 'एक्स-टेन' पद्धत काढली. घरातल्या विजेच्या तारांवरूनच दिव्यांना हुकूम जाई. तो पोचला की नाही, हे मात्र कळत नसे. साधे टपालच म्हणा ना!

पुढे बिनतारी पद्धती आल्या. डेन्मार्कच्या झेनसिसची झेड-वेव्ह, आणि अनेक कंपन्यांच्या संघाने २००४ साली ठरविलेली झिगबी. दोहोंत पोच मिळते, आणि विजेवर जोडलेले प्रत्येक उपकरण शेजाऱ्याचा निरोप पुढे नेते. (कामगार चळवळीत वाढलेल्या आम्हांस ही रीत आवडली, हे सांगणे नको.) झिगबी बहुधा २.४ गिगाहर्ट्झवर चालते. तेथे वायफायची गर्दी. झेड-वेव्हच्या लहरी भिंती बऱ्या ओलांडतात, पण त्या देशागणिक निराळ्या : अमेरिकेत ९०८ मेगाहर्ट्झ, भारतात ८६५. म्हणून नातलगाने तिकडून आणलेले बटण येथील यंत्राशी बोलत नाही.

परंतु लहरींपेक्षा मालकीची गोष्ट अधिक गंभीर. अमेरिकेत 'रिव्हॉल्व्ह' नावाचे सुमारे ३०० डॉलरचे नियंत्रक यंत्र निघाले होते. २०१४ साली नेस्टने ती कंपनी घेतली आणि मे २०१६ मध्ये तिचा सर्व्हर बंद केला. घरोघरची धडधाकट यंत्रे मुकी झाली. लहरींत काहीच बिघडले नव्हते!

२०२२ साली आलेल्या 'मॅटर' या सामायिक प्रमाणात निरोप घरातल्या घरात फिरण्याची सोय आहे. तरीही दुकानात आम्ही आधी इंटरनेट बंद करावयास सांगतो, आणि मग दिवा लावून पाहतो.