आईबापांची वाटणी

मार्च 1938. सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचं ऑस्कर घ्यायला लिओ मॅकॅरी उठला. पुरस्कार होता 'द ऑफुल ट्रुथ' या धमाल विनोदी चित्रपटासाठी. मॅकॅरीने आभार मानले आणि वर सुनावलं, की तुम्ही भलत्याच चित्रपटाला बक्षीस दिलंत. त्याच्या मनातला चित्रपट होता 'मेक वे फॉर टुमॉरो'. तोही 1937चाच, पण प्रेक्षकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

लॉरेल आणि हार्डीची जोडी जमवण्यात ज्याचा मोठा वाटा, मार्क्स बंधूंचा 'डक सूप' ज्याने केला, तो माणूस एका म्हाताऱ्या जोडप्याच्या ताटातुटीकडे वळला, त्यामागे घरचं कारण होतं. लॉस एंजेलिसात मुष्टियुद्धाचे सामने भरवणारे त्याचे वडील नुकतेच गेले होते. जोसेफिन लॉरेन्सची कादंबरी त्याने हाती घेतली ती त्या दुःखातच.

गोष्ट साधी आहे. हप्ते थकल्याने बँक घर घेते. पाच मुलं, पण दोघांना एकत्र ठेवून घ्यायला कुणीच तयार नाही. बाप एका लेकीकडे जातो, आई शेकडो मैल दूर न्यूयॉर्कात मुलाकडे. मॅकॅरीची खरी करामत अशी, की त्याने मुलांना खलनायक केलं नाही. सून घरी ब्रिजचे वर्ग घेऊन चार पैसे जोडते. तिच्या पाहुण्यांच्या मधोमध सासूची झुलती खुर्ची करकरत राहते. मग नवऱ्याचा फोन येतो. म्हातारी फोनवर ओरडूनच बोलते: त्याच्या तब्येतीची काळजी, फोनला पडणाऱ्या पैशांची काळजी. खोलीतले सगळे पत्ते हातात धरून ऐकत राहतात. प्रेक्षक आधी हसतो, मग ओशाळतो. आईचं काम करणारी बेउला बाँडी तेव्हा पन्नाशीचीही नव्हती, आणि पडद्यावरचा तिचा मुलगा टॉमस मिचेल तिच्याहून जेमतेम तीन-चार वर्षांनी लहान!

महामंदीच्या त्या अमेरिकेत बचत बुडालेल्या म्हाताऱ्यांपुढे मुलांचं दार किंवा वृद्धाश्रम एवढेच मार्ग उरत. सोशल सिक्युरिटीचा कायदा ऑगस्ट 1935मध्ये झाला खरा, पण दरमहा पेन्शनचा पहिला धनादेश निघाला 31 जानेवारी 1940ला: व्हरमाँटच्या आयडा मे फुलर यांना, 22 डॉलर 54 सेंट. कायदा झाला आणि पैसा पोचला नाही, अशा मधल्या वर्षांत हा चित्रपट आला. तिकीट काढणाऱ्या अनेकांच्या घरी तोच प्रश्न बसलेला असणार. तो पुन्हा पडद्यावर कोण पाहील?

पॅरामाउंट स्टुडिओच्या अडॉल्फ झुकरला सुखान्त हवा होता. मॅकॅरी बधला नाही. बापाला निरोप देऊन आई वृद्धाश्रमात जायला मोकळी होते, आणि बापाला त्याचा पत्ताही नसतो. शेवट तसाच राहिला. पॅरामाउंटमधली नोकरी मात्र गेली.

हा चित्रपट जपानमध्ये पटकथाकार कोगो नोदा यांच्या लक्षात राहिला होता. त्यांनी दिग्दर्शक यासुजिरो ओझूंबरोबर लिहिलेला 'टोकियो स्टोरी' 1953मध्ये आला. ओनोमिचीहून टोकियोला आलेल्या आईबापांसाठी मुलांना वेळ नाही, म्हणून त्यांची रवानगी आतामीच्या गजबजलेल्या मुक्कामाला होते. ओझू अविवाहित, आईबरोबर राहणारे. 1962मध्ये, शेवटच्या चित्रपटाचं लेखन चालू असताना आई गेली. पुढच्याच वर्षी, साठाव्या वाढदिवशी, ते स्वतः गेले. त्या शेवटच्या चित्रपटातला बापही एकटाच उरतो.

आपल्याकडे राजा परांजपे यांचा 'ऊन पाऊस' 1954चा. त्यातही मास्तर आणि त्यांच्या बायकोची मुलांमध्ये वाटणी होते. हिंदीत 2003मध्ये 'बागबान' आला. त्यात बापाला पुस्तकामुळे पैसा आणि कीर्ती मिळते, भर सभेत मुलांची खरडपट्टी निघते आणि नवराबायको पुन्हा एकत्र येतात. झुकरला हा शेवट नक्की आवडला असता.