छाप लावण्याआधी

विडी ओढणारा गिऱ्हाईक पूर्वी लेबल वाचायच्या भानगडीत पडत नसे. हत्ती, उंट, वाघ, एखादा देव, नाहीतर नुसता आकडा. तेवढ्या खुणेवर टपरीवाल्याकडे बोट दाखवायचे आणि बंडल खिशात टाकायचे. निपाणीच्या वखारीतला तंबाखू आणि टेंभुर्णीचे पान सगळ्यांचेच. एका मालकाची विडी दुसऱ्याच्या विडीपासून नजरेने ओळखणे कठीण. त्यामुळे धंद्याची पत बंडलावरच्या त्या चिमुकल्या कागदावर येऊन बसली. आपली छाप दुसऱ्याची तर नाही ना, हा प्रश्न अशा गावाला वकिलांच्या आधी सुचला असेल तर त्यात नवल नाही.

प्रश्न होता, पण उत्तर कुठे शोधायचे? १८६०च्या भारतीय दंड संहितेने खोटी व्यापारचिन्हे वापरणे हा गुन्हा ठरवला. १८८९मध्ये त्यासाठी मर्चंडाइज मार्क्स कायदाही आला. हे दोन्ही कायदे चोरी झाल्यावर जागे होणारे. कोणती छाप कोणाची, हे एका ठिकाणी लिहून ठेवलेलेच नव्हते. व्यापाऱ्यांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढला. १९०८च्या नोंदणी कायद्याखाली सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत आपल्या मालकीचे जाहीरनामापत्र नोंदवायचे आणि वर्तमानपत्रात ‘जनतेस कळविण्यात येते’ अशी नोटीस द्यायची. दावा केल्याचा पुरावा हाती यायचा, मालकी मात्र त्याने सिद्ध होत नसे. शिवाय एका तालुक्याच्या कचेरीतला कागद दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाला दिसणार कसा? नवी छाप काढणाऱ्याला बाजारात विचारपूस करण्याखेरीज दुसरा मार्ग नव्हता.

इंग्लंडमध्ये ही अडचण १८७५च्या कायद्याने सुटली. १ जानेवारी १८७६ रोजी रजिस्टर उघडले आणि पहिला क्रमांक बास या बिअर कंपनीच्या लाल त्रिकोणाला मिळाला. आपल्याकडे ट्रेड मार्क कायदा झाला १९४०मध्ये आणि तो अमलात आला १ जून १९४२ रोजी. छाप लावण्याआधी ती दुसऱ्या कुणाची आहे का ते पाहायचे, या पूर्वशोधाचा खरा जन्म तेव्हाचा, कारण पाहायला रजिस्टर असल्याशिवाय शोध तो कसला? पुढे १९५८चा कायदा आला आणि त्यानंतर १९९९चा, जो २००३पासून लागू आहे. संगणक येण्याआधी शोध मागायचा तो फॉर्म टीएम-५४ भरून. २००२च्या नियमांत त्याची फी ५०० रुपये होती. आज ट्रेड मार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधाला पैसे पडत नाहीत.

१९४२मध्ये निपाणीचा बेळगाव जिल्हा मुंबई प्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ला तो म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेला. त्याचा एक परिणाम ट्रेड मार्कच्या अर्जावरही दिसतो. कर्नाटकातल्या अर्जदाराचे कार्यालय चेन्नई, महाराष्ट्रातल्याचे मुंबई. कोगनोळी नाका ओलांडला की कागलचा व्यापारी मुंबईच्या कक्षेत, अलीकडचा निपाणीकर चेन्नईच्या. रजिस्टर मात्र देशभराचे एकच. त्यामुळे कोल्हापुरात कुणी नोंदवलेली छाप निपाणीकराला आडवी येते, आणि पंजाबातलीही येते.

शोध घ्यायचा तो आधी डोळ्याने. १९७२मध्ये सुप्रीम कोर्टापुढे पार्ले आणि म्हैसूरची जे. पी. अँड कंपनी यांच्या ग्लुकोज बिस्किटांच्या वेष्टनांचा वाद आला. दोन्हींवर गायी, कोंबड्या आणि मुलगी असलेले शेतावरचे चित्र होते. वेष्टने शेजारी शेजारी ठेवून फरक मोजत बसू नका, एक पाहिलेल्या गिऱ्हाइकाच्या हाती दुसरे दिले तर तो फसेल का ते पाहा, अशी कसोटी कोर्टाने लावली. टपरीवर बोट दाखवणाऱ्याची नजर ती हीच. आता चित्रे शोधण्यासाठी व्हिएन्ना वर्गीकरणाचे आकडे वापरतात. भारत या वर्गीकरणाच्या करारात २०१९मध्ये सामील झाला. त्यात प्राण्यांचा गट ३, हत्तीचा आकडा ३.२.१. तंबाखू आणि विडीचा माल वर्ग ३४मध्ये मोडतो. म्हणजे हत्तीछाप विडी काढू पाहणाऱ्याने वर्ग ३४मध्ये ३.२.१ टाकायचा आणि समोर येणारा एकेक हत्ती पाहायचा.

मग कानाने. मद्रासकडच्या ‘श्री अंबाळ’ तपकिरीच्या मालकांनी ‘श्री आंडाळ’ या तपकिरीच्या नोंदणीला हरकत घेतली. दोन्ही नावे देवतांची, अर्थ निराळे, चित्रेही निराळी. तरी कानाला ती फार जवळची वाटतात म्हणून १९६९मध्ये सुप्रीम कोर्टाने आंडाळला नोंदणी नाकारली. उच्चारावरून नावे शोधण्याची युक्तीही जुनी आहे. ‘साउंडेक्स’ पद्धतीचे पेटंट अमेरिकेत रॉबर्ट रसेल यांना १९१८मध्ये मिळाले.

सीमाभागात हा कानाचा शोध अधिक जपून घ्यावा लागतो. रोमन लिपीत आपण ‘ज्योती’ लिहितो तेव्हा टी पुरतो, कन्नड वळणाने लिहिणारा टीपुढे एच लावतो. आपल्या ‘लक्ष्मी’त एक्स असतो, त्यांच्यात के, एस आणि एच. एकच देवी, एकच उच्चार, स्पेलिंगे दोन. एकाच स्पेलिंगने शोधले तर दुसरी सहज निसटते. कर्नाटक दूध महासंघाचे ‘नंदिनी’ १९८५पासूनचे. बेंगळुरूच्या ‘नंदिनी डिलक्स’ हॉटेलांनी हेच नाव १९८९पासून डीपुढे एच घालून लावले. वाद २०१८पर्यंत चालला. दोघांचा माल आणि चिन्हांचे रूप वेगळे म्हणून सुप्रीम कोर्टाने हॉटेलवाल्यांना नोंदणी दिली, पण दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून. लेबलावर कन्नड मजकूर असेल, तर अर्जात त्याचे लिप्यंतर आणि भाषांतरही द्यावे लागते.

एवढे करूनही रजिस्टर सगळे सांगत नाही. कायद्याचे कलम ३४ आधीपासून वापर करणाऱ्याला अभय देते. कुणी न नोंदवता वर्षानुवर्षे छाप चालवत असेल, तर मागाहून छाप काढून नोंदवणारा त्याला हटवू शकत नाही. म्हणून जुन्या काळची बाजारातली विचारपूस आजही सुटलेली नाही. लेबले छापणारा प्रेसवाला आणि घाऊक दुकानदार यांना ठाऊक असते ते संगणकाला नसते. भौगोलिक मानांकनाचे रजिस्टरही चाळावे. ‘कोल्हापुरी चप्पल’ हे नाव महाराष्ट्राच्या चार आणि बेळगावसह कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांतल्या कारागिरांचे आहे, एकट्या दुकानदाराला ते ट्रेड मार्क म्हणून मिळणार नाही.

ट्रेड मार्कच्या अर्जाआधी शोध घेतलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. लेबलाच्या चित्राचा कॉपीराइट नोंदवायचा असेल, तर मात्र तशी छाप दुसऱ्याची नाही, असा ट्रेड मार्क रजिस्ट्रारचा दाखला लागतोच. बाकी मर्जी अर्जदाराची, आणि नुकसानही त्याचेच. ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ९,००० रुपये, एकटा धंदेवाईक किंवा लघुउद्योग असेल तर ४,५००. अर्ज फेटाळला गेला तर ती परत मिळत नाही. परीक्षकाने हरकत काढली तर उत्तराला महिनाभर मिळतो. जर्नलमध्ये छाप प्रसिद्ध झाली की चार महिने कुणीही विरोध करू शकतो. या साऱ्यातून पार पडलेली नोंदणी दहा वर्षे टिकते आणि पुढे नूतनीकरण होते. तेव्हा नाव ठरले म्हणून लगेच पाटी रंगवायला देऊ नका. दोन्ही स्पेलिंगे टाका, चित्राचा आकडा टाका, प्रेसवाल्याला विचारा, आणि मगच लेबल छापायला टाका.