गिरणगावातील चाळी

गिरणगावातील चाळी : मुंबई शहराच्या मध्यभागी कापडगिरण्यांच्या परिसरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उभी राहिलेली श्रमिकांची वसतिस्थाने. लालबाग, परळ, चिंचपोकळी, शिवडी, नायगाव, वरळी इ. भागांस मिळून गिरणगाव हे नाव रूढ झाले. येथील रहिवाशांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा मोठा होता (१९८१ पूर्वीच्या या जिल्ह्यात सध्याचा सिंधुदुर्ग जिल्हाही समाविष्ट होता).

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. डोंगराळ जमीन, तुटपुंजे पीक व खोती पद्धतीचा जाच यांमुळे रत्नागिरीतील कुळे रोजगारासाठी मुंबईकडे वळली. किनाऱ्यावरील बोटींनी हा प्रवास सुकर केला. १९११ व १९२१ च्या जनगणनांत मुंबईच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक-पंचमांश, म्हणजे दोन लाखांहून अधिक, लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. आरंभी बहुधा पुरुष एकटेच येत. एका गावचे अनेकजण मिळून एक खोली भाड्याने घेत, पाळीनुसार झोपत व खाणावळीत जेवत. अशी ‘गावाची खोली’ नवागतास आसरा देई व त्याला काम मिळवून देण्यासही उपयोगी पडे. मनीऑर्डर गावी जाई. गणपती व शिमग्याला माणूसही जाई. त्यामुळे चाळीतील खोली ही स्वतंत्र घरापेक्षा कोकणातील घराचाच शहरातील विस्तार होती.

बहुतेक चाळी खाजगी मालकांनी भाड्याच्या उत्पन्नासाठी बांधल्या. एका खोलीचे बिऱ्हाड, पुढे सामाईक सज्जा व मजल्यावर सामाईक शौचकूप अशी त्यांची सर्वसाधारण रचना असे. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये नगरसुधारणा विश्वस्त मंडळ स्थापन झाले. पुढे सरकारच्या विकास खात्याने १९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे चाळी बांधल्या. या बीडीडी चाळींची संख्या २०७ असून प्रत्येकीत ८० खोल्या आणि खोलीचे क्षेत्र सुमारे १६० चौ. फुट होते.

घरभाडे नियंत्रणाने येथील घरबाजाराचे स्वरूप पालटले. १९४७ च्या कायद्याने प्रमाणभूत भाडे साधारणतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर स्थिर केले. त्यामुळे अल्प वेतनाचा कामगार शहराच्या मध्यभागी टिकून राहिला आणि कुटुंब आणून स्थायिक होऊ शकला. खोलीचा हक्क पुढील पिढीकडे जाऊ लागला. दुसरीकडे, भाडे परवडत नसल्याने मालकांनी दुरुस्ती सोडून दिली. खोलीचे खरे मूल्य भाड्यात न उमटता पागडीत उमटू लागले. पागडी घेणे हा त्या कायद्याने गुन्हा होता. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तिला मान्यता दिली. मोडकळीस आलेल्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी १९६९ मध्ये स्वतंत्र कायदा करून उपकर बसविण्यात आला.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार सहभागी झाले. संपानंतर अनेक गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरणीपेक्षा तिच्याखालील जमीन मोलाची ठरली. १९९१ च्या विकास नियमावलीने या जमिनीचा सुमारे एक-तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी व तितकाच सार्वजनिक गृहनिर्माणासाठी राखला होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जमिनीपुरती मर्यादित झाली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती दुरुस्ती ग्राह्य ठरविली. परिणामी कामगारांच्या घरांसाठी उपलब्ध होणारी जमीन बरीच घटली.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पात्र रहिवाशांस ५०० चौ. फुटांचे मालकी हक्काचे घर देण्याचे ठरले व वरळीतील ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आला. मात्र मोठ्या इमारतींचा देखभाल-खर्च जुन्या नाममात्र भाड्याहून कितीतरी अधिक असतो. नियंत्रित भाड्याने मालकी नसतानाही माणसे टिकविली. मालकी मिळाल्यावर ती टिकतील काय, यावर गिरणगावाचे पुढील सामाजिक स्वरूप अवलंबून आहे.