नावं सांगणारी माणसं

खेड्यात वंशावळ काढत फिरणाऱ्या माणसाकडे लोक जरा संशयानंच बघतात. त्याचा एक तर जमिनीचा वाद चालू असतो, नाहीतर त्याला कसला तरी दाखला हवा असतो. माझं यातलं काहीच नव्हतं, त्यामुळे निफाड तालुक्यातल्या आमच्या गावात पहिले सहा महिने मला कुणी धड काही सांगितलं नाही. "कशाला पाहिजे रं तुला?" एवढंच.

मला एक नाव पाहिजे होतं. माझे आजोबा दीड वर्षांचे असताना त्यांची आई गेली. पणजोबांनी दुसरं लग्न केलं आणि त्या दुसऱ्या बाईंनीच आजोबांना लहानाचं मोठं केलं. त्या पणजी आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. पहिल्या बाईचं नाव मात्र कुणाला सांगता येईना. नाव जिनं सांगितलं तिचे आभार मला मानायचे आहेत, पण तिच्यापर्यंत पोचवणाऱ्यांना वगळून चालणार नाही.

सुरुवात रामकुंडावर केली. नाशकातल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात, हे आपल्याकडे बहुतेकांना माहीत असतं. पण अस्थी घेऊन गेल्याशिवाय त्या वह्या कुणी बघत नाही. कोणत्या गावाचे, कोणत्या आडनावाचे यजमान कुणाकडे, हे उपाध्यायांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. तुम्ही गाव आणि आडनाव सांगायचं, की बरोबर त्या घरी नेऊन पोचवतात. आमच्या गुरुजींनी कापडात बांधलेली लांबट वही सोडली. वरच्या बाजूला वडिलांच्या हातची नोंद होती, 2003 च्या सिंहस्थातली. मागे मागे जात गुरुजी 1924 वर आले. पणजोबा, त्यांचे भाऊ, बाप, आजा, चुलते, सगळे पुरुष ओळीनं उभे. पणजोबांच्या पुढे बायकोचं नाव होतं, ते दुसरीचं. 1924 साली हयात होती ती लिहिली गेली. त्यात चूक काहीच नाही. गुरुजींनी तीन दुपारी माझ्यासाठी घालवल्या आणि शेवटी स्वतःच म्हणाले, "मयताची नोंद कचेरीत बघा. आमच्याकडे येणारा माणूस आपल्याला आठवतील तेवढीच नावं सांगतो."

कचेरीतलं दप्तर म्हणजे गाव नमुना 14, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. गावात जन्म झाला, मयत झालं, की त्यात चढायचं. ही जुनी बुकं मोडीत, आणि मोडी वाचणारा माणूस मिळणं म्हणजे दुष्काळात पाणी लागणं. लेखणी न उचलता शब्दाला शब्द चिकटवलेले, ऱ्हस्व-दीर्घ एकच. पण 2023 च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायचं काम पुढे राज्यभर सुरू झालं आणि तालुक्याच्या ठिकाणी मोडी वाचक बसू लागले. त्यांच्यापैकी एका तरुणानं, दिवसभर दुसऱ्यांच्या नोंदी वाचून डोळे लाल झालेले असताना, माझ्यासाठी 1918 सालचं बुक चाळलं. जातीच्या रकान्यासाठी नव्हे, एका बाईच्या नावासाठी कुणी आलंय याचंच त्याला नवल वाटलं.

त्या वर्षाचं बुक उघडलं तर आश्विनापाशी पानं दाट झालेली. ही मानमोडीची साथ. इन्फ्लुएंझा उन्हाळ्यात मुंबई बंदरात उतरला आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात त्याची दुसरी लाट गावोगाव पसरली. त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता. देशात एक कोटीहून जास्त माणसं गेली, आणि मुंबई इलाख्यात बायकांचं मरण पुरुषांहून जास्त. आजाऱ्याची उस्तवार कुणी केली असेल आणि शेवटी उरलेलं कुणी खाल्लं असेल, याचा विचार केला की कारण कळतं. आमच्या नोंदीत लिहिलं होतं : अमक्याची बायको, वय 20, ताप. नाव नाही.

तलाठी कार्यालयातल्या कोतवालभाऊंनी मग जुने फेरफार काढून दिले. आपल्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 चा. तिथून पुढे जमिनीवरचं माणूस बदललं की फेरफार पडतो. यात मला बायकांची नावं पहिल्यांदा भरपूर दिसली. बाप वारला की लेकींची नावं वारस म्हणून चढतात, आणि एक-दोन फेरफार पुढे गेलं की 'हक्कसोड केल्याने नाव कमी' असं येतं. म्हणजे आमच्या कागदांत बाई सापडते ती बहुतेक निघून जाताना. 1956 चा वारसा कायदा आला, 2005 ची दुरुस्ती आली. रीत त्यामानानं फार हलली नाही. पणजोबांच्या पश्चात पडलेल्या फेरफारात असंच एक नाव चढून कमी झालेलं होतं, त्यांच्या धाकट्या लेकीचं. वडिलांची आत्या. आम्ही तिला आक्काआजी म्हणतो.

ती दिंडोरी तालुक्यात दिली आहे. वय एक्क्याण्णव. मी वडिलांना घेऊन गेलो. पहिल्या बाईची तिला काय माहिती असणार, ती तर दुसरीच्या पोटची. म्हणून मी पणजोबांबद्दलच विचारत बसलो होतो. मध्येच ती म्हणाली, "आन् मोठ्या आईचं नाही का लिव्हलं?"

तिची आई गळ्यात सवतीचा टाक घालायची. दर पितृपक्षात अविधवा नवमीला एक सवाष्ण जेवू घालायची, आणि त्याआधी एक पान वेगळं वाढून चुलीशेजारी ठेवायची. त्या पानापाशी सवतीचं नाव घेऊन म्हणायची, तुझं लेकरू सुखाला हाये. नाव मोठ्यानं घ्यायची नाही, आणि आजोबा घरात असताना तर मुळीच नाही. "दादा तिलाच आई म्हणायचा. त्याच्या मनात दुसरं कशाला घालायचं, आसं तिचं. मला पान धुवायला दिलेलं आसायचं, म्हणून मला ठावं."

आक्काआजीनं नाव सांगितलं. वडिलांनी ब्याऐंशीव्या वर्षी आपल्या सख्ख्या आजीचं नाव पहिल्यांदा ऐकलं. ते उठून ओसरीवर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

"इतकी वर्षं सांगितलं का नाही, आजी?"

"कोणी इचारलं का?"

ते नाव मी इथे छापत नाही. तिनं मनाई केली आहे. घरातलं नाव घरात आणि देवापाशी, पुस्तकात नको, असं तिचं म्हणणं आहे. आभारही नकोत म्हणाली, पण ते मी मानतो. ज्या भावाच्या घरासाठी तिनं एका लुगड्यावर अंगठा उठवला, त्या घराची तुटलेली ओळ तिनं जोडून दिली. एवढं कुठल्या दप्तराला जमलं नाही.

पुढच्या महिन्यात गुरुजींच्या वहीत नोंद करायला गेलो. मोठ्या आईचं नाव लिहिलं, तिच्याखाली दुसरीचं. मग आक्काआजीचं लिहायला घेतलं तर गुरुजींनी विचारलं, माहेरचं लिहिताय की सासरचं? मी तिथूनच फोन लावला.

"दोन्ही लिव्ह," ती म्हणाली. "जागा हाये ना?"

जागा होती.